रिपन स्ट्रीट ओलांडताना

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. परंतु त्याच्या पोटात दडलेल्या एका लहानशा प्रकाराकडे समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. दूरदेशीचा एखादा विद्यार्थी भारतातल्या महानगरात शिकायला येतो. अभ्यास अजून सुरू व्हायचा असतो, शहराच्या भाषेचा गंध नसतो, ओळखीचे माणूस नसते. मधल्या आठ-दहा दिवसांत तो शहर पाहत हिंडतो आणि जे दिसते ते दैनंदिनीत टिपतो, घरी पत्रांतून कळवतो. पुढे तो नामवंत लेखक झाला, तर त्या टिपणांतून पुस्तक जन्माला येते; न झाला, तर ती पत्रे घरच्या ट्रंकेत पडून राहतात. लेखनाचा घाट मात्र दोन्हीकडे बहुधा सारखाच असतो. प्रथम उकाडा, मग गर्दी, मग गाडीवाल्याशी भाड्याची घासाघीस, मग एखादे भव्य स्मारक, त्या स्मारकाच्या पायरीशी बसलेला भिकारी, आणि शेवटी या देशाच्या आत्म्याविषयी एक परिच्छेद.

या लेखनाचा गोडवा नाकारण्याचे कारण नाही. रहिवाशाच्या डोळ्यांवर सवयीची साय धरलेली असते. नवख्याच्या डोळ्यांवर ती नसते. आपण रोज ज्या पुलावरून जातो त्याचे लोखंड आपल्याला दिसत नाही, ते त्याला दिसते. परंतु याच ताजेपणाच्या बरोबरीने एक उतावळेपणाही येतो. शहर अजून कळलेले नसते आणि शहराविषयीचे मत मात्र तयार झालेले असते. म्हणून अशा लेखनाचे मूल्यमापन करताना तपशील बरोबर आहेत का आणि वर्णन जिवंत आहे का, हे दोन नेहमीचे निकष अपुरे पडतात. त्यांच्या जोडीला तिसरा निकष लावावा, असे या लेखात सुचवायचे आहे. तो असा: लेखकाने ज्यांना पाहिले, त्या माणसांना त्याच्या पानांवर स्वतःचे डोळे आहेत का? तीही त्याच्याकडे पाहत असतील, त्याच्याविषयी काही मत बनवत असतील, एखादे दिवशी उत्तरही देतील, याची जाणीव त्या लेखनात कोठे उमटते का?

हा निकष तपासून पाहण्यासाठी एक उदाहरण फार सोयीचे आहे. कारण त्यात पाहणाऱ्याने लिहिले आणि चार दशकांनंतर, जिला पाहिले तिनेही लिहिले. हे उदाहरण आहे मिर्चा एलियाद या रुमानियन विद्यार्थ्याचे आणि त्याच्या कलकत्त्याचे.

एलियादचा जन्म १९०७ सालचा, बुखारेस्टचा. पुढे धर्मेतिहासाचा अभ्यासक म्हणून त्याने जगभर कीर्ती मिळवली आणि शिकागो विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले. परंतु १९२८ साली तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. रोममध्ये अभ्यास करीत असताना सुरेंद्रनाथ दासगुप्त यांचा भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासावरील ग्रंथ त्याच्या हाती पडला. दासगुप्तांना आश्रय देणारे कासिमबाजारचे महाराज मणींद्रचंद्र नंदी यांना त्याने पत्र लिहिले आणि महाराजांनी त्याला शिष्यवृत्ती देऊ केली. एका अनोळखी परदेशी मुलाच्या पत्राला बंगालमधल्या जमीनदाराने असे उत्तर द्यावे, ही घटनाच लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण एलियादच्या भारतप्रवेशाचा पहिला दरवाजा एका भारतीयाने आतून उघडला होता. कोलंबोमार्गे मद्रास आणि मद्रासहून कलकत्ता असा प्रवास करून डिसेंबर १९२८ च्या अखेरीस तो त्या शहरात पोहोचला.

आज कोलकाता म्हणून ओळखले जाणारे ते शहर तेव्हा नवख्या प्रवाशाला काय दाखवीत होते? राजधानी दिल्लीला हलविण्याची घोषणा होऊन सतरा वर्षे झाली होती, तरी साम्राज्याचा थाट उतरलेला नव्हता. १९२१ साली खुले झालेले व्हिक्टोरिया मेमोरियल संगमरवराच्या नवेपणात झळकत होते. हावड्याचा आजचा प्रसिद्ध पूल अजून उभा राहायचा होता. तो १९४३ सालचा. त्याच्या जागी १८७४ साली बांधलेला तरंगता पूल होता. मैदान, फोर्ट विल्यम, १८१४ साली स्थापन झालेले संग्रहालय, शिबपूरच्या वनस्पती-उद्यानातला पसरलेला वड, कालीघाट आणि दक्षिणेश्वर ही मंदिरे, हा पाहुण्याचा ठरीव फेरा. विजेवर चालणाऱ्या ट्राम रस्त्यांवर येऊन पाव शतक उलटले होते.

परंतु याच शहरात, याच दिवसांत आणखी काही घडत होते. डिसेंबर १९२८ च्या अखेरीस पार्क सर्कस येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले होते. मोतीलाल नेहरू अध्यक्ष होते. सुभाषचंद्र बोस लष्करी गणवेश घालून स्वयंसेवक दलाचे नेतृत्व करीत होते. वसाहतीच्या स्वराज्यावर समाधान मानायचे की पूर्ण स्वातंत्र्य मागायचे, यावर तेथे खडाजंगी झाली आणि सरकारला एका वर्षाची मुदत देण्याचे ठरले. स्मारकांचा फेरा आणि हे अधिवेशन यांत अंतर फार नव्हते. परंतु स्मारके पाहण्याची सवय लागलेल्या नजरेला मांडवातले शहर दिसत नाही. स्मारक स्थिर असते, ते पाहणाऱ्याची वाट पाहत उभे असते. माणसे कोणाची वाट पाहत थांबत नाहीत. पहिल्या आठवड्याच्या लेखनात दगड पुष्कळ आणि माणसे थोडी का असतात, याचे हे एक साधे कारण आहे.

एलियादला निव्वळ हौशी प्रवासी म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तो कष्टाळू विद्यार्थी होता. संस्कृतचा अभ्यास त्याने झपाटल्यासारखा केला. त्याची राहण्याची सोय रिपन स्ट्रीटवरच्या एका अँग्लो-इंडियन खाणावळवजा घरात झाली, आणि आपल्या दृष्टीने खरा प्रश्न येथून सुरू होतो. कलकत्त्यातल्या पहिल्या दिवसांत ज्या भारतीयांच्या पंक्तीला तो जेवला, ज्यांचे हसणे-भांडणे त्याने भिंतीपलीकडून ऐकले, ते लोक ख्रिस्ती होते. घरात इंग्रजी बोलणारे, फ्रॉक आणि पाटलोण घालणारे, रेल्वे, तारखाते, कस्टम अशा खात्यांत नोकरी करणाऱ्या समाजातले. १९२९ साली कलकत्त्यात लिहिलेली आणि १९३० साली प्रसिद्ध झालेली ‘इसाबेल आणि सैतानाचे पाणी’ ही कादंबरी, १९३३ सालची ‘मैत्रेयी’, आणि दैनंदिनीचा घाट असलेले १९३५ सालचे ‘शान्तिएर’ या तीन पुस्तकांना रिपन स्ट्रीटने कच्चा माल पुरवला. एवढे देणाऱ्या या घराला लेखकाने काय दिले, हे पाहिले पाहिजे.

‘मैत्रेयी’ या सर्वांत गाजलेल्या कादंबरीचा निवेदक अ‍ॅलन हा तरुण युरोपीय इंजिनियर आहे. नरेंद्र सेन या बंगाली वरिष्ठाच्या हाताखाली तो काम करतो. प्रारंभी तो रिपन स्ट्रीटवर रिबेरोबाईंच्या घरी भाड्याने राहतो. हॅरल्ड नावाचा मित्र, नाच, मुली, सिनेमा असे त्याचे आयुष्य चाललेले असते. कामानिमित्त आसामात गेला असता त्याला हिवताप जडतो. दुखण्यातून उठल्यावर सेन त्याला भवानीपूरच्या आपल्या घरी राहायला बोलावतात. तेथे त्यांची मुलगी मैत्रेयी त्याला भेटते, आणि पुढची प्रेमकथा, तिचा स्फोट आणि वियोग हा कादंबरीचा गाभा होतो.

कादंबरीची रचनाच दोन घरांवर उभी आहे. एक रिपन स्ट्रीटचे, दुसरे भवानीपूरचे. पहिल्यात गोंगाट आहे, दुसऱ्यात गूढ शांतता. पहिल्यातल्या मुली सहज हसतात, म्हणून त्या उथळ. दुसऱ्यातली मुलगी नजर खाली वळवते, म्हणून ती खोल. पहिल्या घराला दोन बाजूंनी कमी लेखले जाते, कारण ते पुरेसे युरोपीय नाही आणि पुरेसे भारतीयही नाही. अ‍ॅलनचा आध्यात्मिक प्रवास म्हणजे रिपन स्ट्रीट ओलांडून भवानीपूरला पोहोचणे. वाचकही नकळत हा नकाशा स्वीकारतो. पुस्तक वाचून संपते तेव्हा मैत्रेयीसाठी आपल्या मनात कालवाकालव होते. रिबेरोबाई मात्र पायपुसण्यासारख्या दारात राहून जातात.

या ठिकाणी वसई-मुंबई-गोव्याच्या वाचकाला थांबावेसे वाटेल. रिबेरो हे नाव आपल्याला परके नाही. आपल्या धर्मग्रामांतल्या स्नानसंस्काराच्या नोंदवह्या चाळल्या, तर हे नाव पिढ्यान्‌पिढ्या सापडेल. रिपन स्ट्रीटचे अँग्लो-इंडियन आणि आपण एकच आहोत, असे येथे म्हणायचे नाही. भाषा, वेश, इतिहास, सारेच निराळे आहे. परंतु ‘खरा भारत’ शोधायला निघालेल्या पाहुण्याच्या नजरेत आपली जागा एकच आहे. तो आपल्या ओसरीवरून जातो, पाणी पितो, वाट विचारतो आणि मग पुढे जाऊन लिहितो की, शेवटी भारत सापडला! वाटेत जे भेटले ते काय होते, हा प्रश्न त्याला पडत नाही.

या नजरेची चूक केवळ भावना दुखावण्यापुरती असती, तर तिचा एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. ती ज्ञानाची चूक आहे. रिपन स्ट्रीटपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर साउथ पार्क स्ट्रीटचे जुने कबरस्तान आहे. १७६७ साली सुरू झालेल्या या भूमीत सर विल्यम जोन्स यांची कबर आहे. १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे आणि संस्कृत विद्येचे दार युरोपला उघडून देणारे हे जोन्स. एलियादसारख्या विद्यार्थ्यांच्या परंपरेचे ते मूळपुरुषच म्हणायचे. त्याच कबरस्तानात हेन्री डिरोझिओ यांचीही कबर आहे. १८०९ साली कलकत्त्यातच जन्मलेला, पोर्तुगीज वंशाचा वारसा सांगणारा हा तरुण हिंदू कॉलेजात शिक्षक झाला. त्याच्या शिष्यांनी बंगालच्या बौद्धिक जीवनात खळबळ उडवून दिली. भारताला मायभूमी म्हणून संबोधणाऱ्या इंग्रजी कविता त्याने लिहिल्या आणि १८३१ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी तो वारला. प्राचीन भारताचा शोध घेणारा परदेशी आणि आधुनिक भारताची भाषा बोलणारा मिश्र वंशाचा कलकत्तेकर एकाच मातीत निजलेले आहेत. पाहुण्याची नजर पहिल्याला ओळखते. दुसरा ज्या समाजातून आला, त्याच समाजाला ती उथळ ठरवून मोकळी होते. भारतीयत्व संस्कृत ग्रंथांत जेवढे आहे तेवढेच डिरोझिओच्या वर्गातही होते, हे ज्याला दिसले नाही, त्याला कलकत्ता अर्धेच दिसले.

कादंबरीपेक्षा लेखकाच्या चरित्रात या प्रश्नाला अधिक मार्मिक कलाटणी मिळते. १९३० साली दासगुप्तांनी एलियादला खरोखरच भवानीपूरच्या आपल्या घरी राहायला बोलावले होते. त्यांची कन्या मैत्रेयी तेव्हा सोळा वर्षांची होती. त्याच वर्षी ‘उदिता’ हा तिचा पहिला कवितासंग्रह रवींद्रनाथांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. वडिलांच्या ग्रंथसंग्रहाची सूची करण्याचे काम या दोघांवर सोपवले होते. त्यांच्यातले प्रेम उघडकीस आल्यावर सप्टेंबर १९३० मध्ये एलियादला ते घर तडकाफडकी सोडावे लागले. त्या दिवशी तो कोठे गेला? रिपन स्ट्रीटलाच. ‘खऱ्या भारता’ने दार लावून घेतले, तेव्हा त्या ‘उथळ’ घराने ते उघडले. त्यानंतर तो हिमालयाच्या पायथ्याशी ऋषिकेशला गेला आणि १९३१ साली मायदेशी परतला. आश्रय देणे ही गोष्ट साहित्यात ‘खोल’ ठरायला काय लागते, असा प्रश्न येथे कोणाही सहृदय वाचकाला पडावा.

एलियादची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ‘मैत्रेयी’त एक प्रामाणिक युक्ती आहे. निवेदक आपली तेव्हाची दैनंदिनी पुढ्यात ठेवून लिहितो आणि तिच्यातल्या नोंदींवर मधूनमधून अविश्वास दाखवतो. मैत्रेयी प्रथम दिसली तेव्हा ती आपल्याला सुंदर वाटलीच नव्हती, हे तो सुरुवातीलाच सांगतो. पहिल्या दिवसांचे डोळे चुकतात, याची ही कबुली आहे; आणि या प्रकारच्या लेखनात ती दुर्मीळ असल्याने तिचे मोल मोठे आहे. अडचण एवढीच की, हा अविश्वास भवानीपूरच्या दारापाशीच जागा होतो. मैत्रेयीविषयीच्या पहिल्या मताची तो पुनःपुन्हा उलटतपासणी करतो. रिपन स्ट्रीटविषयीचे पहिले मत मात्र अखेरपर्यंत तसेच राहते. आत्मपरीक्षणासाठी कोण पात्र आणि कोण अपात्र, हेही पाहुण्याने आधीच ठरवून टाकलेले असते.

मग निदान मैत्रेयीला तरी डोळे मिळाले का? ‘न हन्यते’ हे मैत्रेयीदेवींचे बंगाली पुस्तक या प्रश्नाचे उत्तर आहे. १९३३ च्या कादंबरीत लेखकाने नायिकेचे नाव बदलण्याचीही तसदी घेतली नव्हती. १९५० साली फ्रेंच भाषांतराने ती रुमानियाबाहेर पोहोचली. मैत्रेयीदेवी दरम्यान बंगालीतल्या नामवंत लेखिका झाल्या होत्या. रवींद्रनाथांच्या सहवासावरचे त्यांचे लेखन वाचकप्रिय होते. आपल्याविषयी कोणत्या थराचे लिहिले गेले आहे, हे त्यांना १९७२ साली सविस्तर कळले. पुढच्या वर्षी त्या शिकागोला गेल्या आणि एलियादला भेटल्या. १९७४ साली ‘न हन्यते’ प्रसिद्ध झाले आणि १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. शरीर मारले गेले तरी जे मारले जात नाही, त्याचा निर्देश करणारे हे शब्द गीतेतले आहेत.

या पुस्तकात लेखिकेने स्वतःला अमृता हे नाव दिले आहे आणि पाहुण्याला मिर्चा युक्लिड. १९७२ आणि १९३० या दोन काळांत निवेदन ये-जा करते. अमृताची तक्रार प्रेमाविषयी नाही. ते प्रेम होते हे ती मान्य करते, आणि त्यासाठी लागणारे धैर्य थोडेथोडके नाही. तिची तक्रार खोटेपणाविषयी आहे. नायिका रात्री नायकाच्या खोलीत येत असे, असे जे त्या कादंबरीत रंगवले आहे, ते घडलेच नव्हते, असे ती ठामपणे सांगते. प्रवाशाने आपल्या कल्पनेतली पूर्व एका खऱ्या मुलीच्या नावावर चढवली आणि ती मुलगी त्या नावानिशी त्याच शहरात जगत राहिली. रिपन स्ट्रीटला त्याने पायरी केले, तसे भवानीपूरला त्याने स्मारक केले. पायरी तुडवली जाते, स्मारकाला प्रदक्षिणा घातली जाते. परंतु दोघांनाही बोलण्याची परवानगी नसते.

‘न हन्यते’चा शेवट या दृष्टीने विलक्षण आहे. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांनी अमृता त्याच्यासमोर उभी राहते आणि तो तिच्याकडे पाहत नाही. जेव्हा तो पाहतो, तेव्हा तिच्या ध्यानात येते की, त्याचे डोळे जणू दगडाचे झाले आहेत. ज्याने आयुष्यभर भारत ‘पाहिला’, त्याला समोर उभी असलेली भारतीय स्त्री पाहता येऊ नये! मैत्रेयीदेवींनी या प्रसंगावर भाष्य फार केलेले नाही, आणि म्हणूनच तो मनात रुतून बसतो. १९९४ साली शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने दोन्ही पुस्तकांची इंग्रजी भाषांतरे वाचकांसमोर ठेवली. पाहणारा आणि पाहिलेली अशी जोडी एका फळीवर मिळणे ही वाङ्मयाच्या इतिहासात क्वचित घडणारी गोष्ट आहे.

परंतु या जोडीतही एक जागा रिकामीच आहे. रिबेरोबाईंनी लिहिलेले उत्तर तेथे नाही. मैत्रेयीदेवींजवळ भाषा होती, घराणे होते, रवींद्रनाथांचा आशीर्वाद होता. त्यांचे उत्तर ऐकले गेले. रिपन स्ट्रीटच्या घरमालकिणीला भाडेकरू आपल्याविषयी काय लिहून गेला, याचा पत्ताही कदाचित लागला नसेल. त्या रस्त्याला आता मुझफ्फर अहमद यांचे नाव आहे. त्या समाजातल्या कित्येक कुटुंबांनी स्वातंत्र्यानंतर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा गाठले. लोकसभेत त्यांच्यासाठी असलेली दोन नामनियुक्त जागांची तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आली. उत्तर देणारे आवाज असे एकेक करून विरळ होत जातात आणि मागे उरते ते पाहुण्याचे पुस्तक.

विद्यार्थी-प्रवाशाला याहून निराळे लिहिता येते का? येते, आणि त्याचा पुरावा मराठीतच आहे. गोव्यातल्या सांखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी १८९९ च्या अखेरीस घर सोडून विद्येसाठी बाहेर पडले. पुणे, इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर असे करीत १९०० साली ते काशीस पोहोचले. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मवृत्त १९२४ साली प्रसिद्ध झाले. काशी म्हणजे प्रवाशाच्या दृष्टीने घाटांचे, शिखरांचे, चितांचे शहर. कोसंबींच्या काशीत प्रथम जाणवते ते पोट. जेवण कोणत्या अन्नछत्रात मिळेल, पाठ कोण देईल, थंडीत अंगावर काय घ्यायचे, या विवंचनांतून त्यांचे शहर आकाराला येते. ज्याला दुसऱ्याच्या पंक्तीला बसून दिवस काढायचे असतात, त्याला त्या माणसाची नोंद घ्यावीच लागते. तो उपकाराचा हिशेब असतो. आणि उपकाराच्या हिशेबात समोरच्याला आपोआप चेहरा मिळतो, स्वभाव मिळतो, क्वचित त्याचे उणेही नोंदले जाते.

कोसंबी परकीय नव्हते, हा आक्षेप घेता येईल, आणि तो खराही आहे. परंतु सांखवाळहून आलेल्या, कोकणी बोलणाऱ्या तरुणाला १९०० सालची काशी काही कमी परकी नव्हती. फरक परकेपणाचा नाही, अवलंबून असल्याची जाणीव ठेवण्याचा आहे. एलियादही अवलंबून होताच: महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, गुरूंच्या घरावर, रिपन स्ट्रीटच्या जेवणावर. त्याने ते ऋण विद्येच्या क्षेत्रात फेडले; १९३६ सालचा त्याचा योगावरील प्रबंध आजही अभ्यासला जातो. कादंबरीत मात्र ते फेडायचे राहून गेले.

शेवटी हा प्रश्न आपल्या दारातही येतो. वसईला पाहुणा आला की आपण त्याला किल्ला दाखवतो, एखादे जुने चर्च दाखवतो, लाल लुगड्यातली एखादी आजीबाई दाखवतो. पाहुणा छायाचित्र काढतो आणि आपल्याला बरे वाटते. त्या आजीबाईंना पाहुण्याविषयी काय वाटले, हे आपण विचारत नाही. म्हणजे स्मारक होण्याची तयारी आपल्याही अंगी मुरलेली आहे. आणि आपली मुले जेव्हा शिकण्यासाठी दिल्ली, कोलकाता, बंगळूर किंवा रोम गाठतात आणि तेथून नियतकालिकांना पत्रे पाठवतात, तेव्हा त्या पत्रांतही तोच घाट पुष्कळदा डोकावतो: उकाडा वा थंडी, गर्दी, स्मारक आणि शेवटी आत्म्याचा परिच्छेद. पाहुणेपणाचा रोग जातीचा वा देशाचा नाही. तो घाईचा आहे.

तेव्हा अशा तरुण लेखकांकडे एकच मागणे आहे. पहिल्या आठवड्यात शहराविषयी मत देऊ नका. घरमालकिणीने पहिल्या संध्याकाळी काय विचारले, ते लिहा. खाणावळीत शेजारी बसलेल्या माणसाने तुमच्या गावाचे नाव ऐकून काय चेहरा केला, ते लिहा. आपण कोणाचे किती देणे लागतो, त्याची यादी ठेवा. स्मारके कोठे जात नाहीत, ती पुढच्या महिन्यातही पाहता येतील. ज्या घरातून आपण शहर पाहायला बाहेर पडतो, त्या घराला पाहणे हाच शहर पाहण्याचा आरंभ आहे. एलियादच्या कलकत्त्याने, आणि त्याला मिळालेल्या उत्तराने, एवढे तरी आपल्याला शिकवावे.